त्या फॉर्ममध्ये आईच्या झोपेचीही एक ओळ असू द्या

प्रति,
मा. प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच राज्यातले सर्व तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रांतले वैद्यकीय अधिकारी आणि गटप्रवर्तक ताई यांना,

सादर नमस्कार.

मी फलटण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माझी मुलगी आता साडेआठ महिन्यांची आहे. मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते. बाळंतपणानंतर आशाताई घरी येऊन जी माहिती लिहून घेतात, तिच्यात आईच्या झोपेबद्दल विचारायला सुरुवात करा. तसं का करावं, हे सांगायला मात्र थोडी जागा लागेल.

सुरुवात माझ्या आजीपासून करते. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, खटाव तालुक्यात होते. आजी शहाऐंशी वर्षांची. तिच्या हिशेबाने बाळंतिणीने पाणी बेतानेच प्यायचं, नाहीतर पोट सुटतं. जेवायचं दोनच वेळा, तेही कोरडं. आईला हे पटत नव्हतं. पण आजीच्या शब्दापुढे त्या घरात अजूनही कुणी जात नाही. दवाखान्यातून सुट्टी देताना डॉक्टरांनी चार वेळा जेवायला सांगितलं होतं, ते आजीने ऐकून घेतलं आणि गाडीतच सोडून दिलं.

सातव्या दिवशी आशाताई आल्या. झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन केलं, ताप बघितला, नाळ बघितली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "चोवीस तासांत पोटभर किती वेळा जेवलात?" मी आजीकडे बघितलं आणि "दोनदा" म्हटलं. ताईंनी तो आकडा लिहिला. वाद घातला नाही, आजीला चूकही म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "आजी, इथे चार लागतात. मी पुन्हा चौदाव्या दिवशी येणार आहे, तेव्हा लिहायचंय." दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आजी स्वतः काठी टेकत माझ्या खोलीत आली. हातात हळिवाच्या खिरीची वाटी होती. म्हणाली, "खा. त्या बाईला लिहायचंय."

त्या खिरीचा विचार मी नंतर पुष्कळ केला. आजीला हलवलं ते सल्ल्याने नव्हे, सल्ला तर डॉक्टरांनीही दिला होता. तिला हलवलं ते विचारण्याने, तेही सगळ्यांसमोर आणि लिहून घेण्याने. घरातल्या सुनेने किंवा लेकीने मागितलं की तो हट्ट ठरतो, आणि तेच सरकारच्या कागदाने विचारलं की घराची जबाबदारी होते. दिवसाला पॅड किती बदलावे लागतात, हा प्रश्न माझ्या वडिलांच्या देखत विचारला गेला तेव्हा ते उठून ओसरीवर गेले. पण त्या संध्याकाळी फलटणला जाऊन जादा पाकिटं घेऊन आले. आशाताईंच्या फॉर्ममध्ये एवढी ताकद आहे. आपल्याला तिचा अंदाज आहे का, मला ठाऊक नाही, म्हणून हे लिहिते आहे.

खरं तर ही वाट आपल्याच राज्याने देशाला दाखवली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली. ३९ गावांतल्या त्या कामाने बालकांचे जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटले आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात ते छापून आलं. २०११ पासून केंद्र सरकारने त्याच धर्तीवर आशाताईंच्या गृहभेटी देशभर सुरू केल्या. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ अशा सहा दिवशी त्या येतात. पुढे २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातल्या पाच भेटी जोडल्या गेल्या. या भेटी मुख्यतः बाळाच्या आहेत. वजन, वरचं अन्न, लस, लोहाचं औषध, हात धुणं, बाळाशी खेळणं. सगळं गरजेचं आहे, त्यातलं काहीही कमी करा असं मी म्हणत नाही.

पण आईची झोप मोडते ती या दुसऱ्या टप्प्यात, आणि तेव्हा तिच्याकडे बघायला कुणी नसतं.

माहेरी माझी झोप सांभाळली गेली होती. सव्वा महिना शेकशेगडी, धुरी, मालीश, सगळं रीतसर झालं. दिवसा बघायला येणाऱ्यांची रीघ असायची, झोपायला मिळायचं नाही. पण रात्री आई मला फक्त पाजण्यापुरती उठवायची. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं तिच्याकडे. मुलगी साडेतीन महिन्यांची झाल्यावर मी सासरी आले. चौथा महिना लागला आणि तिच्या रात्रीचे तुकडे झाले.

साडेदहा, बारा, दीड, पावणेतीन, चार, पाच. हे मी आठवून लिहीत नाही. मोबाइलमध्ये तेव्हा टिपून ठेवायचे, कारण सकाळी कुणी "रात्री झोपली का गं?" विचारलं की मला सांगता यायचं नाही. मांडीवर गाढ झोपलेलं मूल पाळण्यात टेकवलं की डोळे उघडायचं. पुन्हा घ्यायचं, पाजायचं, थोपटायचं, पाळण्याची दोरी ओढायची. ती झोपल्यावर मला झोप लागायला वीस मिनिटं जायची, आणि तासाभरात पुन्हा तोच आवाज. असं तीन महिने. पहिल्या आठवड्यात अंग दुखायचं. दुसऱ्या महिन्यात अंगाचं काही वाटेनासं झालं आणि डोकं गेलं. भाजीत दोनदा मीठ पडायचं. शाळेतल्या एका मुलीचं नाव, जिला मी दोन वर्षं शिकवलं होतं, ती घरी भेटायला आली तेव्हा मला आठवेना. नवऱ्याने साधं "टॉवेल कुठाय" विचारलं तरी रडू यायचं. आणि ज्या मुलीसाठी सगळं चाललं होतं, तिच्या रडण्याचा आवाज आला की क्षणभर छातीत राग उसळायचा. तो राग मला सर्वांत जास्त घाबरवून गेला.

मूल असं का उठतं, ते मला नंतर कळलं. मोठ्या माणसाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं, बाळाचं पन्नास मिनिटांच्या आसपास. प्रत्येक आवर्तनाच्या कडेला झोप पातळ होते आणि बाळाला पुन्हा आत शिरायला हात लागतो. रात्र आणि दिवस यांचं भान जन्मतः नसतं, दोन-तीन महिन्यांनी येऊ लागतं. आईचं दूध हलकं, लवकर पचतं. चौथ्या महिन्याच्या सुमारास झोपेची घडणच बदलते. मग दात येतात, मग पालथं पडणं, रांगणं, मग आई दिसली नाही तर कळू लागतं. कॅनडात झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या बालआरोग्याच्या नियतकालिकात आला. त्यात सहा महिन्यांच्या बाळांपैकी सुमारे ३८ टक्के बाळं सलग सहा तास झोपत नव्हती. वर्षाच्या बाळांतही हे प्रमाण २८ टक्के होतं. म्हणजे माझी मुलगी काही वेगळी नव्हती, आणि माझं काही चुकत नव्हतं.

एवढं एक वाक्य मला चौथ्या महिन्यात कुणी घरी येऊन सांगायला हवं होतं. ते कुणी सांगितलं नाही, म्हणून ती जागा इतरांनी भरली. शेजारच्या काकू म्हणाल्या, दूध पुरत नाही, वरचं सुरू कर. चुलत सासूबाईंनी गुटीत जायफळ जास्त उगाळायला सांगितलं. कुणी चौथ्या महिन्यातच बाटलीत नाचणीसत्त्व घालायला सांगितलं. एका ओळखीच्या बाईने तर सर्दीच्या औषधाचं नाव सुचवलं, "एक चमचा दे, सकाळपर्यंत हलायची नाही." मी दिलं नाही. पण पहाटे चार वाजता त्या बाईचा शब्द माझ्या डोक्यात आला होता, हे मी आपल्यापासून लपवत नाही.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया अफू घातलेली बाळागोळी तान्ह्यांना देत. मूल निपचित पडून राही आणि आई साच्यावर उभी राहू शके. ही गोष्ट आपण आज शहारून वाचतो. मला मात्र ती वाचताना त्या बायांची पहाट दिसते. मुलाला गुंगी देण्यापर्यंत माणूस येतं ते माया आटली म्हणून नव्हे, आपलं शरीर पुढचा दिवस उभं राहणार नाही हे कळतं म्हणून. आज बाळागोळी मागे पडली, पण चमचाभर औषध आहेच. ते थांबवायचं असेल तर आईला झोप मिळाली पाहिजे. नुसतं "देऊ नका" म्हणून ते थांबणार नाही.

आता मी दोन प्रसंग सांगते. दोन्ही सांगायला मला जड जातं.

मुलगी पाच महिन्यांची असताना एका रात्री तीनच्या सुमारास मी दिवाणावर बसून पाजत होते. खोलीत पती झोपले होते, त्यांची सकाळची पाळी होती, म्हणून बाहेर येऊन बसले होते. मला वाटलं मी जागी आहे. डोळे उघडले तेव्हा ती माझ्या हातातून निसटून माझी कूस आणि दिवाणाचा लोड यांच्या फटीत गेली होती, तोंड कापडाकडे. मी तिला ओढून घेतलं, ती रडली, आणि तिचं रडणं ऐकून मी खाली जमिनीवरच बसले. बसल्या बसल्या लोडा-गाद्यांमध्ये पाजताना झोप लागणं हे बाळासाठी किती धोक्याचं असतं, हे जगभरचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळाला उताणं निजवा, कडक गादीवर निजवा, आजूबाजूला उशा-लोड नकोत. मला हे सगळं ठाऊक होतं. माहिती कमी नव्हती, झोप कमी होती.

दुसरा प्रसंग सहाव्या महिन्यानंतरचा. १८० दिवसांची रजा संपून मी शाळेत रुजू झाले होते. घर ते शाळा अकरा किलोमीटर, स्कूटीवर. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी कॅनॉलच्या कडेच्या सरळ रस्त्यावर माझे डोळे मिटले. किती वेळ, सांगता येत नाही. चाक खडीवर गेलं त्या आवाजाने जाग आली. गाडी आडवी झाली, कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. मागून उसाची ट्रॉली येत होती, ती थांबली.

माझे सासरे एसटीत चालक होते, बत्तीस वर्षं. मी त्यांना मामा म्हणते. घरी आल्यावर आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, हळद लावली आणि म्हणाल्या, "गाडी हळू चालवत जा." मामा काही बोलले नाहीत. ते बराच वेळ माझ्या चपलांकडे बघत बसले होते.

त्याच आठवड्यात इथल्या आशाताई सहाव्या महिन्याच्या भेटीला आल्या. वजन झालं, भरडीबद्दल विचारलं, लसीच्या तारखा बघितल्या. वही मिटली आणि मिटलेल्या वहीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "मॅडम, हे माझ्या कागदात नाही. पण तुम्ही रात्री झोपता किती?" मी म्हटलं, "तुकड्या-तुकड्याने होते चार-पाच तास." त्यांनी विचारलं, "सलग किती?" मी उत्तर द्यायच्या आधी आत्या म्हणाल्या, "लेकरू लहान आहे, कोण झोपतं? आम्ही काय झोपलो होतो?" आणि मग मामा बोलले. म्हणाले, "आम्हाला मुक्कामाच्या गाडीला खेड्यात थांबवायचे ते कशाला? पहाटेची गाडी काढायची असते म्हणून. झोप न झालेल्या माणसाच्या हातात स्टिअरिंग देत नाहीत. हिच्या हातात तर आपण लेकरू देतोय, आणि वर गाडी."

मामांचं बोलणं अनुभवाचं होतं, पण त्याला मोजमापही आहे. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका ढळतो. आपल्या मोटार वाहन कायद्यात वाहन चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. माझं जागरण सलग नव्हतं, तुकड्यांचं होतं, असं कुणी म्हणेल. तेल अवीव विद्यापीठातल्या २०१४ च्या एका छोट्या प्रयोगात माणसांना आठ तास झोपू दिलं, पण रात्रीत चार वेळा फोन करून उठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं लक्ष आणि मन यांची अवस्था जेमतेम चार तास झोपलेल्यांसारखीच होती. तेही एका रात्रीत. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ मध्ये कायदा झाला, चालकाने दिवसाला किती तास काम करायचं ते त्यात लिहिलेलं होतं. मामांची झोप कुणीतरी मोजत होतं, म्हणून त्यांच्या गाडीतली माणसं घरी पोहोचत होती.

त्या संध्याकाळी आमच्या घरात पाळ्या ठरल्या. हे घर एमआयडीसीतल्या पाळ्यांवर चालणारं आहे, तो शब्द सगळ्यांना कळतो. रात्री नऊला मी पाजून, आणखी थोडं दूध काढून ठेवते आणि आतल्या खोलीत दार लावून झोपते. नऊ ते दीड मुलगी तिच्या बाबांकडे. ती उठली तर आधी थोपटायचं, नाहीच राहिली तर काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने. दीडला मी उठते, पहाटे पाचपर्यंत माझी पाळी. पाचला आत्या उठतातच, त्या तिला घेऊन अंगणात बसतात आणि मी पावणेसातपर्यंत पुन्हा पडते. पतींची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात पहिली पाळी मामांची. बत्तीस वर्षं रात्री जागलेला माणूस पाळण्याची दोरी धरून बसतो आणि गाडीच्या लयीत गुणगुणतो.

पहिल्या रात्री मी सलग साडेचार तास झोपले. सकाळी उठले तेव्हा खिडकीतून येणारा उजेड मला नवा वाटला. मुलगी रडली आणि माझ्या छातीत राग आला नाही. एवढंच. मुलगी अजूनही चार-पाच वेळा उठते. तिच्यात काही बदललं नाही, आम्ही रात्र वाटून घेतली.

हे सगळं त्या आशाताईंनी वही मिटल्यानंतर विचारलेल्या एका प्रश्नातून झालं. त्यांनी तो विचारला तो त्यांच्या मनाच्या चांगुलपणामुळे. माझी विनंती एवढीच, की तो वही उघडी असताना विचारला जावा, आणि तो चांगुलपणावर अवलंबून राहू नये.

प्रश्न दोन असावेत असं मला वाटतं. पहिला: मागच्या चोवीस तासांत तुमची सर्वांत जास्त सलग झोप किती तास झाली? "नीट झोपता का" असं विचारून उपयोग नाही, त्याला सगळ्या बायका "हो" म्हणतात. जेवणाचा आकडा विचारला म्हणून मी "दोन" म्हणाले. "नीट जेवता का" विचारलं असतं तर आजीसमोर मी "हो"च म्हटलं असतं. आकडा कमी आला तर ताईंनी तिथेच, घरातल्या इतरांना बसवून, विचारायचं की रात्री बाळाला आईशिवाय कोण घेतं. उत्तर काय येतं यापेक्षा हा प्रश्न सासू-सासरे आणि नवऱ्यासमोर पडणं महत्त्वाचं आहे.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे: बाळ झोपलेलं असताना, कुणी त्याला सांभाळत असताना, तुम्हाला झोप लागते का? मला लागायची. डोकं टेकायचा अवकाश. पण मिळूनही झोप न लागणं, रात्रभर छत बघत पडणं, नको ते विचार येत राहणं, हे वेगळं दुखणं आहे. बाळंतपणानंतरच्या नैराश्याची आणि कधी कधी त्याहून गंभीर मानसिक आजाराची ती पहिली खूण असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या आढाव्यानुसार भारतात बाळंतपणानंतर सुमारे २२ टक्के आयांना नैराश्य येतं. शेजारच्या गोव्यात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही आकडा जवळपास तेवढाच, २३ टक्के होता. गरिबी, नवऱ्याचा त्रास आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं यांचा भार तिथे स्पष्ट दिसला. पाचातल्या एका बाईला जे होतं ते शोधायला घरी येणाऱ्या बाईने एक प्रश्न विचारावा, हे फार नाही. उत्तर "नाही" आलं तर ताईंनी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावं आणि 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कार्डावर लिहून द्यावा. २०२२ पासून तो सुरू आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. माझ्या शाळेतल्या एकाही शिक्षिकेला तो ठाऊक नव्हता.

आणि याच भेटीत बाळाचं उठणं कधी साधं नसतं तेही सांगता येईल. ताप, कान ओढणं, वजन न वाढणं, झोपेत घोरणं किंवा श्वास अडकणं, फिकटपणा. असं काही असेल तर दवाखाना. नसेल तर "बाळ असंच असतं, दूध पुरतंय, जायफळ वाढवू नका, सर्दीचं औषध झोपेसाठी देऊ नका" एवढं ठामपणे सांगणारं माणूस आईला हवं असतं.

मला याची जाणीव आहे की माझ्या घरात पाळ्या लावायला माणसं होती. दार लावता येईल अशी खोली होती, समजून घेणारे सासरे होते. आमच्या शाळेच्या मागच्या माळावर दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, बीडकडच्या, कोप्या घालून राहतात. त्यांची मुलं माझ्या वर्गात येतात. यंदा त्यांतल्या एकीच्या पाठीवर झोळीत चार महिन्यांचं बाळ होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे तीन-चारला फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, संध्याकाळी कोपीवर येऊन भाकऱ्या. मी तिला एकदा विचारलं, "रात्री झोपता का?" ती हसली आणि म्हणाली, "झोपले तर कोयता अर्धा होतो, बाई." तिच्याकडे माता-बाल संरक्षण कार्ड होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. त्यावरच्या भेटी तिच्या गावात राहिल्या होत्या. तिच्या रात्रीची पाळी कोण घेणार, हे मी सांगू शकत नाही. पण तिला तो प्रश्न कुणी विचारला, त्याचं उत्तर कुठे तरी लिहिलं गेलं आणि अशा शंभर बायांची उत्तरं साखर कारखान्याच्या हद्दीतल्या आरोग्य केंद्रात एकत्र आली, तर फडाजवळ पाळणाघर का हवं, हे सांगायला कुणाला भाषण करावं लागणार नाही. म्हणून माझी विनंती त्यांच्यासाठी अधिक आहे. टोळ्या उतरल्यावर आठवडाभरात त्या भागातल्या आशाताईंनी कोप्यांवर जावं, आणि त्या भेटीचा मोबदला त्यांना मिळावा.

मोबदल्याचं मी मुद्दाम लिहिते. आशाताईंच्या पाठीवर आधीच पुष्कळ कामं आहेत. नवा रकाना म्हणजे नवं काम, आणि ते फुकट करून घेऊ नका. त्यांना एक दिवसाचं प्रशिक्षण द्या, त्या दिवसाचे पैसे द्या. प्रशिक्षणात एक गोष्ट आवर्जून असू द्या: प्रश्न विचारताना आवाज दोषाचा नको. आमच्या आत्यांनी "आम्ही काय झोपलो होतो?" म्हटलं, त्यात खोड नव्हती, जुनं दुखणं होतं. नंतर एका रात्री त्यांनीच मला सांगितलं की पहिल्या मुलाच्या वेळी त्या विहिरीच्या काठावर बसल्या बसल्या झोपल्या होत्या आणि कळशी आत पडली होती. कळशीबद्दल त्यांना बोलणी बसली. त्या का झोपल्या, हे पन्नास वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असं आपण म्हणतो. धोंड्यावर डोकं टेकायलाही बाईच्या वाट्याला वेळ यावा लागतो.

माझ्या मुलीची नवव्या महिन्याची भेट पंधरा दिवसांवर आली आहे. तिच्या कार्डावर वजनाच्या आलेखाशेजारी थोडी कोरी जागा आहे. तिथे मी पेन्सिलीने एक ओळ आखली आहे, वर लिहिलं आहे "आईची सलग झोप", आणि खाली कालच्या रात्रीचा आकडा: चार तास चाळीस मिनिटं. आशाताई आल्या की त्यांना दाखवणार आहे, आणि पुढचा आकडा त्यांच्या हाताने लिहा म्हणणार आहे.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका आणि आई
फलटण तालुका, जिल्हा सातारा